निकालानंतर याचिकेचे काय होते? घटनात्मक हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांविषयी

संकलक (धागाकर्ती)

घटनात्मक हक्कांची प्रकरणे लोकहितासाठी चालवणाऱ्या एका संस्थेत मी सहा वर्षे कागदपत्रे लावण्याचे काम केले. मी वकील नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली शपथपत्रे, माहिती अधिकारातून मिळालेली उत्तरे आणि आदेशांच्या प्रमाणित प्रती तारखेनुसार लावून वकिलांच्या हाती देणे एवढेच माझ्याकडे होते. अशा संस्थांची बातमी बहुधा निकालाच्या दिवशी येते. त्यामुळे वाचकाला वाटते की याचिका दाखल झाली, युक्तिवाद झाले, न्यायालयाने एखादे कलम रद्द केले आणि विषय संपला. मी पाहिलेल्या कामाचा फार मोठा भाग मात्र याचिकेच्या आधीचा आणि निकालानंतरचा होता. निकालानंतरच्या कामाविषयी मराठीत मला फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे, कलम ६६अ घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये एका तरुणीला अटक झाली, आणि तो मजकूर ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीलाही झाली. त्या कलमात तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद होती. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर, आणि तिला जोडलेल्या इतर याचिकांवर, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम संपूर्ण रद्द केले. जोडलेल्या याचिकांत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, या संघटनेचीही याचिका होती. अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या इतिहासात हा निकाल मोठा मानला जातो, आणि तो मोठा आहेच.

परंतु पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. पीयूसीएलला पुन्हा न्यायालयात जावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवण्याचा आदेश दिला. तरीही मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत रद्द झालेल्या या कलमाखालची ७४५ प्रकरणे चालू असल्याचे दिसले, आणि तो आकडा पीयूसीएलने न्यायालयापुढे ठेवला. न्यायालयाला धक्का बसला. सरकारच्या बाजूने महान्यायवादींनी दिलेले स्पष्टीकरण मी कधीही विसरणार नाही. कायद्याच्या छापील पुस्तकांत कलम जसेच्या तसे दिसते आणि ते रद्द झाल्याचे तळटिपेत लिहिलेले असते, असे ते होते. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला स्पष्ट शब्दांत आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. कलम रद्द झाल्यापासून तोवर साडेसात वर्षे उलटली होती. हे ७४५ आपोआप कोणाच्या लक्षात आले नाहीत. न्यायालयांच्या ऑनलाइन नोंदी तपासून ते मोजावे लागले, आणि ती मोजदाद इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्थेने केली.

दुसरे प्रकरण अन्नाच्या अधिकाराचे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि भारतीय अन्न महामंडळाकडे देशभरात पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठलेले होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये पीयूसीएलच्या राजस्थान शाखेने अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात, रिट याचिका दाखल केली. तिचा क्रमांक, १९६/२००१, आम्हा कागद लावणाऱ्यांना पाठ होता. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने रेशन, अंगणवाडी, शालेय पोषण आहार, वृद्धांचे निवृत्तिवेतन अशा आठ योजनांचे लाभ हे लोकांचे हक्क ठरले, आणि या योजना मनाला येईल तेव्हा आखडत्या घेण्याची मुभा सरकारांना उरली नाही. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्यायचे होते, आणि त्यासाठी मुदत सहा महिन्यांची होती.

बऱ्याच राज्यांनी ती मुदत पाळली नाही. मग मे २००२ मध्ये न्यायालयाने स्वतःचे आयुक्त नेमले. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन या सनदी सेवेतील दोन अनुभवी अधिकाऱ्यांचे हे काम प्रत्येकाने वाचावे असे आहे. परंतु आयुक्तांजवळ माणसे मोजकी होती. अमुक वाडीवरची अंगणवाडी आठवड्यातून किती दिवस उघडते, रेशन दुकानदार कार्ड स्वतःकडे ठेवून घेतो का, हे पाहून लिहून पाठवणारे लोक गावोगावच्या संघटनांचे होते, आणि त्यांनी पाठवलेल्या कागदाला न्यायालयात टिकेल असे रूप देणे हे संस्थेचे काम होते. डिसेंबर २००६ मध्ये देशातील अंगणवाड्या १४ लाखांपर्यंत नेण्याचा आदेश झाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली. या सोळा वर्षांत जे काही मिळाले ते अंतरिम आदेशांतून मिळाले, आणि तसा प्रत्येक आदेश मिळवण्यासाठी आधीचा आदेश कुठे पाळला गेला नाही याचा पुरावा लागत असे.

माझा प्रश्न असा आहे. या कामाचा दुसऱ्या टोकाला, म्हणजे आदेश जिथे पोहोचायचा होता तिथे, तुम्हाला काय अनुभव आला? आणि अशा संस्थांकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा करावी?

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. तुम्ही सांगितलेल्या आदेशाच्या आधीची व्यवस्था मी चालवलेली आहे. १९९५ च्या केंद्रीय योजनेनुसार ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे. महिनाअखेरीस आम्ही वर्गात गोणी उघडून मापाने तांदूळ वाटत असू. तो तांदूळ घरी जाई आणि घरातल्या सगळ्यांमध्ये वाटला जाई, आणि मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटीच शाळेत येई. ऐंशी टक्क्यांची अट तर मला फार खुपत असे, कारण मजुरीला गेलेल्या आईबापांबरोबर ज्या मुलाला गाव सोडावे लागे त्याचाच तांदूळ बुडत असे.

शाळेत खिचडी शिजू लागली त्या वर्षी एका संघटनेची दोन मुले दोन पानी नमुना घेऊन आमच्याकडे आली होती. स्वयंपाकाला निवारा आहे का, पाणी कुठून आणता, वजनकाटा आहे का, सगळी मुले एका पंगतीत बसतात का, आणि मागच्या महिन्यात किती दिवस धान्यच आले नाही, असे प्रश्न त्यात होते. मला तेव्हा राग आला होता, कारण ही माझी तपासणी आहे असे मला वाटले. शेवटच्या रकान्यात मी ‘अकरा दिवस’ असे लिहिले आणि सही केली. तो कागद पुढे कुठे गेला असेल हे मला आज तुमचे लिखाण वाचून प्रथमच समजले. पंगतीचा प्रश्न त्यांनी विचारला होता याचे महत्त्व मला नंतर कळले. आमच्या गावात स्वयंपाक कोणी करायचा यावरून दोन सभा झाल्या होत्या आणि काही पालकांनी मुलांना डबे देऊन पाठवायला सुरुवात केली होती. न्यायालयाने पुढे, एप्रिल २००४ मध्ये, स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे असा आदेश दिला, तो गावोगावच्या अशाच नोंदींमुळे दिला असावा असे मी मानतो.

आडवाट

धागा चांगला आहे, परंतु त्यात यशाच्या बाजूची प्रकरणे अधिक आली आहेत असे मला वाटते. मुंबईच्या पदपथवासीयांचे प्रकरण पाहू. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवरील लोकांना हटवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की उपजीविकेचा अधिकार हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे. हे वाक्य गेली चाळीस वर्षे कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवले जात आहे. त्याच निकालाने मुंबई महानगरपालिका कायद्यातील हटवण्याची तरतूद वैध ठरवली. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हटवू नका, एवढा दिलासा मिळाला, आणि ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे होती त्यांना पर्यायी जागा द्याव्यात असे सांगितले गेले. ज्यांच्या नावाने हा सिद्धांत जन्माला आला त्यांच्यापैकी ओळखपत्र नसलेल्या माणसाला त्यातून काय मिळाले?

दुसरी गोष्ट अशी की ज्या दारातून गरिबांसाठी लढणारी संस्था आत गेली त्याच दारातून पुढे इतरही गेले. शहरांतील कचऱ्याच्या व्यवस्थापनासंबंधी १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी केलेली याचिका आवश्यकच होती. परंतु त्याच प्रकरणात २००० साली न्यायालयाने असे म्हटले की सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे. विषय कचऱ्याचा होता आणि ठपका झोपडीत राहणाऱ्या माणसावर आला. जनहित याचिकेत ‘जन’ कोण, हे ठरवण्याचा अधिकार याचिकाकर्त्याला कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे, आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या संस्थांनाही तो लागू होतो.

संकलक

आडवाट, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देता येईल असे मला वाटत नाही, परंतु हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या एका कार्यकर्तीच्या बाबतीत न्यायालयातच उभा राहिला होता, तो सांगते.

ती कार्यकर्ती म्हणजे शीला बारसे. पत्रकार म्हणून त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. न्यायालयाने केवळ सरकारच्या उत्तरावर विसंबून न राहता निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन पाहून अहवाल देण्यास सांगितले. फेब्रुवारी १९८३ च्या आदेशात स्त्री संशयितांसाठी शहरात चार-पाच वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथे स्त्री शिपाई असाव्यात, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी व्हावी आणि कोणालाही अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे असे निर्देश आहेत. या निर्देशांत किती बारीक तपशील आहे ते पाहा. कोठडीत जाऊन आलेल्या माणसाने पुरावा मांडला नसता तर चार भिंतींआडचे हे तपशील आदेशात आले नसते.

नंतर बारसे यांनी कारागृहांत डांबलेल्या मुलांविषयी देशभरासाठी दुसरी याचिका केली. तारखा पडत राहिल्या, राज्यांची शपथपत्रे वेळेवर येईनात, आणि १९८८ मध्ये त्यांनी कंटाळून याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. जनहित याचिका ही याचिकाकर्त्याच्या मालकीची नसते, ती ज्यांच्यासाठी केली त्या मुलांची आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. बारसे यांचे नाव प्रकरणातून काढून ते सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे सोपवण्यात आले.

हा निर्णय मला दोन्ही बाजूंनी अस्वस्थ करतो. तत्त्व तुमच्या प्रश्नाशी जुळणारे आहे, कारण मुलांचे प्रकरण एका व्यक्तीच्या थकण्यावर अवलंबून राहू नये. परंतु ज्या बाईने वर्षानुवर्षे कारागृहांत फिरून माहिती गोळा केली तिला प्रकरणातून दूर केल्यावर त्या माहितीत भर घालणारे कोण उरले? आमच्या संस्थेत या एका निर्णयावर आम्ही पुष्कळ वेळा बोललो, आणि त्यातून आम्ही एक पद्धत पाळू लागलो. ज्यांच्यासंबंधी प्रकरण आहे त्या वस्तीची किंवा गटाची बैठक झाल्याशिवाय आणि कोणती मागणी करायची नाही हेही त्यांच्याकडून ऐकल्याशिवाय मसुदा लिहायला घ्यायचा नाही. काही वेळा लोकांनी आम्हाला थांबवले. एका वस्तीतील लोकांना भीती होती की न्यायालयात गेलो आणि हरलो तर महापालिकेला हटवण्याचा लेखी आधारच मिळेल. ओल्गा टेलिस निकालाचा तुम्ही मांडलेला दुसरा भाग त्यांना ठाऊक होता. आम्ही गेलो नाही, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

हिशेबनीस

पैशांचा मुद्दा कोणी मांडलेला दिसत नाही. मी स्वयंसेवी संस्थांचे हिशेब पाहतो. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावर बंदी घातली. पूर्वी शहरातील कायदा संस्था परकीय निधीतून गावातील छोट्या संघटनेला सर्वेक्षणासाठी रक्कम देऊ शकत असे. खडूफळा सरांकडे आलेली ती दोन मुले अशाच एखाद्या रकमेवर आली असण्याची शक्यता आहे. आता त्यासाठी देशातील देणगीदार शोधावा लागतो, आणि माझा अनुभव असा की शाळेच्या इमारतीला पैसे देणारा माणूस शपथपत्रांच्या झेरॉक्सला पैसे देत नाही.

रानजाई

आदेश पोहोचण्याविषयी मला स्वतःचा अनुभव आहे. २००९ मध्ये मी एका खासगी कंपनीत होते. वरिष्ठाकडून होणाऱ्या लैंगिक छळाविषयी मी तक्रार समितीकडे जायचे म्हणून गेले तेव्हा मनुष्यबळ विभागाने मला विचारले की कोणती समिती? विशाखा प्रकरणाचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा. राजस्थानातील भटेरी गावच्या साथिन (सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरची कार्यकर्ती) भंवरी देवी यांच्यावर झालेल्या अत्याचारानंतर विशाखा आणि इतर स्त्री संघटना न्यायालयात गेल्या होत्या, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती असावी अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून, कायदा होईपर्यंत तीच कायदा मानावीत असे न्यायालयाने सांगितले होते. म्हणजे बारा वर्षे बंधनकारक असलेली समिती माझ्या कंपनीत नव्हती. मी नोकरी सोडली.

पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोटवाल लेले यांनी नेमक्या याच गोष्टीविषयी, म्हणजे विशाखा तत्त्वे पाळली जात नाहीत याविषयी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते आणि त्याची याचिका झाली होती, हे मला फार उशिरा कळले. २००४ मध्ये त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा. ज्या स्त्रीला समितीपुढे एकदा आणि विभागीय चौकशीत पुन्हा एकदा तेच सगळे सांगावे लागले आहे तिलाच या एका ओळीची किंमत कळेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या प्रकरणाचा अंतिम निकाल आला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. आणि तरीही, २०२३ मध्ये ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात न्यायालयाला समित्या आहेत का ते तपासा असे सांगावे लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा असेही सांगावे लागले. ही नेमणूक २०१३ च्या कायद्यातच लिहिलेली आहे.

आडवाट

रानजाई, तुम्ही हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. माझ्या आक्षेपात मी थोडी दुरुस्ती करतो. संस्थेने कोणाच्या वतीने बोलावे हा प्रश्न कायम आहे, परंतु निकाल पाळला जातो का हे पाहण्यासाठी तरी तशी संस्था हवी, हे मला मान्य आहे. विलंबाची दुसरी बाजू मात्र नोंदवतो. राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांविरुद्ध असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) आणि कॉमन कॉज या संस्था २०१७ मध्ये न्यायालयात गेल्या आणि निकाल १५ फेब्रुवारी २०२४ रोजी लागला. योजना घटनाबाह्य ठरली, परंतु तोवर सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते आणि एक लोकसभा निवडणूक होऊन गेली होती. तिथेही निकालानंतर स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली तेव्हा एडीआरने अवमान अर्ज केला आणि ११ मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली. त्या काळात संस्था गप्प राहिली असती तर देणगीदारांची नावे मतदानानंतर बाहेर आली असती.

खडूफळा

रानजाई ताई, माझी मुलगी एका लहान दुकानात हिशेब ठेवते. तिथे सहा माणसे आहेत. तिच्यासाठी समिती कुठली?

रानजाई

सर, दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समितीची सक्ती नाही. अशा ठिकाणच्या स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते, आणि ती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची आहे. मालकाविरुद्धच तक्रार असेल तरीही तीच समिती. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठीही तीच आहे.

संकलक

सर, तुमच्या जिल्ह्यातील समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचे न्यायालय शुल्क तिकीट लावून अर्ज करा आणि चारच गोष्टी विचारा. समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत, अध्यक्ष व सदस्यांची सध्याची यादी, मागील तीन वर्षांत झालेल्या बैठकांच्या तारखा, आणि त्या प्रत्येक वर्षीच्या वार्षिक अहवालाची प्रत. ‘का नेमली नाही’ असे विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही असे सांगून अर्ज परत येतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मी नमुना अर्ज टंकून इथे देते. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कोणी असे अर्ज केले तर आलेली उत्तरे, नावे झाकून, याच धाग्यावर ठेवावीत. मी ती तारखेनुसार लावून ठेवीन.

खडूफळा

नमुना द्या. सोमवारी कार्यालयात जातो. आमच्या शेजारच्या दोन तालुक्यांत माझे जुने सहकारी आहेत, त्यांच्या लेकीसुनाही अशाच ठिकाणी कामाला आहेत. त्यांनाही विचारतो.